मेलेल्या बांगड्याचं चित्र

देवबागच्या आमच्या घराच्या पुढच्या दारात उभं राहिलं की समुद्र आणि मागच्या दारात गेलं की खाडी. दोन्हींच्या मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर आमची वस्ती. समुद्राचा आवाज सदाचा, त्यामुळे तो आम्हाला ऐकूच यायचा नाही. खाडीचा मात्र यायचा, कारण ती क्वचित बोलायची. भरतीचं पाणी बांधलेल्या होडीला लागलं की थप थप असा आवाज येई, आणि आई चुलीपुढून उठून म्हणे, "पाणी भरला, आता बाबा येतलो." घरात वास दोनच. सकाळी पेजेचा आणि संध्याकाळी तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिकल्याचा. आज माझ्या गॅसच्या शेगडीवरही तेच तिकलं होतं, पण सुनेच्या मिक्सरच्या घरघरीत खाडी काय बोलते ते ऐकू येत नाही. शिवाय खाडीत आता पर्यटकांच्या मोटरबोटी फिरतात. तक्रार नाही, भाचे त्याच बोटींवर जगतात.

मी चौथीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेत पाध्येबाई आल्या. कुणकेश्वरच्या. देवळाच्या वाटेवर त्यांचं घर, वडील पूजाअर्चा करणारे, घरात मासा कधी शिवलेला नाही. गावात एकट्या बाईमाणसाला राहायला जागा मिळेना, तेव्हा आमच्या बाबांनी पडवीची खोली दिली. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाई, आमच्या घराक माशाचो वास येतलो. तुमका सोसाचो नाय."

बाई तेव्हा चोविशीच्या असतील. त्या म्हणाल्या, "वहिनी, वासाची सवय होते. खोलीचं दार नीट लागतं ना, तेवढं सांगा."

दार नीट लागत नव्हतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याला नवी कडी बसवली. बाईंनी आपली चूल वेगळी मांडली, आणि आईने त्यांच्यासाठी एक तवा वेगळा ठेवला. रविवारी त्या तव्यावर घावणे घालून आई केळीच्या पानात गुंडाळून पडवीत नेऊन द्यायची. बदल्यात तिकडून कुळथाची पिठी यायची, नाहीतर बिमलांचं लोणचं. कोणाच्या घरचं कोणी काय खाल्लं यावर गावात आणि कुणकेश्वरातही थोडं बोलणं झालंच, पण दोन्ही बायका आपापल्या जागी ठाम होत्या.

बाईंच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तीन पुस्तकं होती. मुंबईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या भावाने जुन्या पुस्तकवाल्याकडून घेऊन पाठवलेली. एक पाखरांचं, एक फुलांचं आणि तिसरं, सगळ्यांत जाड, समुद्रातल्या प्राण्यांचं. पुस्तकं इंग्रजी होती. बाई रोज संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसायच्या आणि चित्राखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी लिहायच्या. चित्रं गुळगुळीत, चकचकीत कागदावर रंगीत छापलेली होती. आमच्या वर्गाने तोवर पाहिलेली चित्रं म्हणजे कॅलेंडरवरचे देव. मासा हा असा पुस्तकात बसवण्याजोगा मोठा प्राणी आहे, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाई नावावर हात ठेवून चित्र उभं धरायच्या आणि विचारायच्या, "हा कोण?" मग सगळा वर्ग एकदम उत्तर द्यायचा. इसवण, सरंगो, मोरी, वाघळी, तारली. बाई फळ्यावर दोन रकाने करत, एकात पुस्तकातलं नाव आणि दुसऱ्यात आमचं. आमचा रकाना नेहमी लांब व्हायचा, कारण एकाच माशाला लहान असताना एक नाव आणि मोठा झाल्यावर दुसरं. एकदा लेप या माशाचं चित्र निघालं. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मुलांनो, इथे छापताना काहीतरी चूक झाली आहे." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी येऊन बघून गेले. लेपाचे डोळे एकाच बाजूला असतात हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चित्राखालचा मजकूर लावून आणला होता. लेपाचं पिल्लू जन्मतं तेव्हा इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे. मग ते वाढताना एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा वाळूत आडवा होतो. आता गप्प बसायची पाळी आमची होती. जन्मभर खाल्लेल्या माशाबद्दल हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ते आईला सांगितलं. ती लेपच साफ करत होती. तिने हातातला लेप उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "बिचाऱ्याक केदो त्रास झालो आसात."

बाबांना ते पुस्तक बघायचं होतं, पण ते कधी पडवीकडे फिरकले नाहीत. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती. पुस्तकाच्या बाबतीत त्यांना एक संकोच होता. आपले हात ओले, आपण कशाला. वास्तविक त्यांच्या हातात कला होती. गावातल्या निम्म्या होड्यांच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, फुलं, डोळे, मोर त्यांनी रंगवलेले. मला मात्र सारखं वाटायचं, बाबांनी ती चित्रं बघावीत. त्यात शिकवण्याचा भाग नव्हता. मला माझी श्रीमंती त्यांना दाखवायची होती.

महाशिवरात्रीला बाई यात्रेसाठी कुणकेश्वरला गेल्या. खोलीची किल्ली आईकडे होती, आतल्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला. मी पाणी घातलं, आणि मग पेटी उघडली. पेटीला कुलूप नव्हतं. आमच्यावर विश्वास होता म्हणूनच नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या सकाळी रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत जायचं, दोन्ही दोर किनाऱ्याला आणायचे आणि मग गावातल्या माणसांनी दोन्हीकडून ओढत राहायचं. बाबा दोर सोडून घाम पुसत बसले होते. मी त्यांच्यापुढे पुस्तक उघडलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माजे हात वले आसत. तूच पान परत," ते म्हणाले.

मी पानं परतत गेले. वाघळीला त्यांनी मान डोलावली, मोरीला हसले. बांगड्याच्या चित्रावर मात्र थांबले. वाकून बघितलं, मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "हो मेलेलो आसा."

"कोण?"

"बांगडो. मरान बराच येळ झालो. जितो बांगडो असो नसता गो. तेच्या पाठीर सोन्याच्ये पट्टे आसतत. हेणी काळे काढल्यान."

मला ते खरं वाटेना. पुस्तकात चूक कशी असेल, तेही इतक्या चकचकीत पुस्तकात. तेवढ्यात जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागलं आणि लोक ओरडत धावले. मी पुस्तक छातीशी धरून त्यांच्यामागे पाण्यात शिरले. जिवंत बांगडा आणि चित्रातला बांगडा शेजारी धरून बघायचे होते. गुडघाभर पाण्यात मी वाकले, आणि मागून आलेल्या लाटेने मला सरळ आडवी केली. उठले तेव्हा हातात पुस्तक नव्हतं. ते मासळीत पडलं होतं, उघडं, आणि त्याच्यावर तारल्या तडफडत होत्या.

बाबांनी ते उचललं. ओल्या हातांचा विचार आता करायला नको होता.

घरी येईपर्यंत मी रडत होते. आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा पुस्तकाकडे बघितलं. "रडान कागद सुकाचे नाय," ती म्हणाली. "हाड हय." पुस्तक हातात घेऊन तिने गोड्या पाण्याने हलक्या हाताने वाळू आणि खवले काढले, एकेका पानात जुन्या साडीचे तुकडे घातले आणि पुस्तक सावलीत ठेवलं. साधी पानं सुकली, फुगली, पण वाचली. गुळगुळीत कागदावरची चित्रं मात्र सुकता सुकता एकमेकांना चिकटून बसली. आई पेजेच्या टोपाच्या वाफेवर धरून ती सोडवत राहिली, बोटं भाजून घेत. बरीचशी सुटली. सात सुटली नाहीत. ओढली तर एका माशाचं तोंड दुसऱ्याच्या अंगावर राहायचं. त्या सातांत बांगडा होता.

बाई परतल्या तेव्हा आईने त्यांच्या हातात किल्ली दिली आणि मला पुढे केलं. "शालनाक तुमका कायतरी सांगूचा आसा," एवढंच म्हणून ती आत गेली. मी सांगितलं. बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उलटलं. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली अक्षरं वाळूने घासून पुष्कळशी पुसून गेली होती. कितीतरी संध्याकाळी मी त्यांना शब्दकोशावर वाकलेलं पाहिलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "शाळेची वेळ झाली. दप्तर घे."

त्यानंतर तीन-चार दिवस पेटी उघडली नाही. वर्गात पाढे झाले, शुद्धलेखन झालं, नद्या झाल्या. "बाई, आज चित्र नाय?" असं कोणीतरी विचारलं, तर "आज नाही" म्हणाल्या. त्या दिवसांत माझं नाव त्यांनी वर्गात एकदाही घेतलं नाही, आणि त्यामुळेच माझी मान वर होत नव्हती. आज इतक्या वर्षांनंतर, आणि मी स्वतः तीस वर्षं वर्गात उभी राहिल्यानंतर, मला वाटतं की त्यांनाही काय करावं हे सुचत नसावं. चोविशीतली मुलगी ती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबा अंग धुऊन, धुतलेला सदरा घालून पडवीच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "माज्या चेडवान चूक केल्यान. तेची लाज माका आसा. पण येक सांगूचा रवला. तो बांगडो मेलेलो होतो."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "दादा, पुस्तक भिजलं ते भिजलं. आता त्यातलं चित्र खोटं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"खोटा नाय म्हणत. मेलेल्या बांगड्याचा चित्र म्हणान ता बरोबर आसा. पण तुमी पोरांका सांगतास, बांगडो असो आसता. असो नसता." बाबांनी किनाऱ्याकडे हात केला. "उद्या फाटफटी रापणीर येवा. दाखयतंय."

मला वाटलं नव्हतं त्या येतील. पण उजाडताना त्या आल्या, नाकाला पदर लावून, चपला हातात घेऊन. मी आईच्या मागे लपून उभी होते. जाळं लागलं तसे बाबा पाण्यात शिरले आणि ओंजळीत एक बांगडा घेऊन आले. "धरा," ते म्हणाले. बाईंनी एकवार आईकडे बघितलं. मग बाईंनी पदर सोडला, चपला वाळूत टाकल्या आणि हात पुढे केले.

बांगडा जिवंत होता. पाठ हिरवीनिळी, आणि तिच्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेले बारीक सोनेरी पट्टे. नुकतं वर आलेलं ऊन त्यावर पडलं होतं. बाई वाळूत गुडघे टेकून बसल्या. मासा हातात दोनदा उडाला, त्यांनी तो सोडला नाही. मग त्याची धडपड मंदावली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते सोनं विझू लागलं. आधी शेपटीकडचं, मग मधलं. पट्टे पिवळट झाले, मग राखाडी, आणि शेवटी पुस्तकातल्यासारखे काळे. आम्ही हे रोज बघत होतो, म्हणजे खरं तर कधीच बघितलं नव्हतं. उठताना बाईंचे डोळे भरले होते. माशासाठी की पुस्तकासाठी, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. दुपारी वर्गात ते फुगलेलं पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चित्रकार खोटं बोलला नाही. मासा त्याच्या टेबलापर्यंत पोचेतोवर मरून गेला होता. त्याने दिसलं ते काढलं. या पुस्तकातली सात चित्रं गेली आहेत. ती आपण काढू, आणि आपल्याला तर मासे जिवंत दिसतात." मग माझ्याकडे बघून, "शालन, यादी तू करायचीस." इतक्या दिवसांनी त्यांनी माझं नाव घेतलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने हे माझ्या लहानपणातले सर्वांत भरलेले दिवस. रापण ओढून झाली की इतर लोक मासळीच्या टोपल्या बघायचे, आम्ही पोरं मात्र वाळूत सांडलेलं, कोणाच्या कामाचं नसलेलं शोधायचो. बाईंचा प्रश्न ठरलेला असे. किती मासे नव्हे, किती जाती? केंड मासा पोट फुगवून पडलेला, घोड्याच्या तोंडाचा बोटभर मासा, झारीचा, म्हणजे जेलीफिशचा, पारदर्शक गोळा, कवडीएवढ्या कुर्ल्या, शिंपल्याच्या आत राहणारी दुसरीच कोणीतरी. आजवर पायाखाली तुडवलं ते आता खाऱ्या पाण्याच्या करवंटीत घालून शाळेत जाऊ लागलं, आणि बघून झालं की ज्याचं त्याला परत पाण्यात. चित्रं बाबांनी काढली. पहिल्या दिवशी पाण्याचे रंग हातात घेतले तेव्हा ते वैतागले. होडीच्या तेलरंगाची सवय. "ह्यो रंग पळता," म्हणायचे. तीन कागद फुकट गेले. मग ते रंगाला पळू द्यायला शिकले, आणि पाणी दाखवायला ते पळणंच कामाला आलं. बांगड्याच्या पट्ट्यांना पिवळा रंग त्यांना पटेना. शेवटी गणपतीच्या मखरातली उरलेली बेगड आईने काढून दिली, आणि त्यांनी तिचे केसाएवढे धागे कापून चिकटवले. आई चुलीपाशी बसून सांगायची, कोण कधी येतो, कोण कुठल्या वाऱ्याला जातो, कोणाच्या पोटात कुठल्या महिन्यात गाबोळी, म्हणजे अंडी, असतात, आणि बाई ते उतरून घ्यायच्या. मी स्वच्छ अक्षरात नावं लिहायचे, दोन्ही रकान्यांतली. सात चित्रांवर आम्ही थांबलो नाही. जाळं विणायच्या सुताने शिवलेलं ते पुस्तक झालं तेव्हा मूळच्या पुस्तकाइतकंच जाड झालं होतं.

ते आता माझ्याकडे नाही. बदली झाली तेव्हा बाई ते घेऊन गेल्या, आणि आम्हाला भिजलेलं इंग्रजी पुस्तक देऊन गेल्या. अदलाबदल त्यांनीच सुचवली. त्यांनी पुढे किती गावांतल्या मुलांना ते दाखवलं असेल, याचा विचार करायला मला आवडतं. चौथीनंतर आमच्याकडे मुली जाळी सुकवायला आणि बाजाराला जात. माझ्याबाबतीत तो विषय घरात निघालाच नाही. पाचवीसाठी मालवणात मावशीकडे माझी सोय बाबांनी कोणाला न विचारता लावून टाकली होती. पण बदलीच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

पुस्तक पुरं झालं त्या आठवड्यात बाईंनी बाबांना वर्गात बोलावलं. ते आले, दारातच चपला काढून. बाईंनी खुर्ची पुढे केली. ते तिच्यावर अर्धे बसले. पोरांनी प्रश्न विचारायचे, त्यांनी उत्तरं द्यायची असं ठरलं होतं. मोरी चावते काय, वाघळीच्या शेपटीत विष असतं काय, पाण्याचा रंग बघून मासळी कशी ओळखायची. बाबा आधी खाली बघून बोलत होते, मग वर बघून, मग उभे राहून हातवारे करत. मी पहिल्या रांगेत होते आणि मला कोणाकडे बघावं ते कळत नव्हतं इतकं बरं वाटत होतं. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "काका, बांगडो काय खाता?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बांगडा जाळ्यात यायचा. त्याला आमिष लावायची वेळ कधी आली नव्हती. माझे कान तापले. समुद्रातलं काही माझ्या बाबांना माहीत नसेल, हे मला त्या क्षणापर्यंत शक्य वाटत नव्हतं.

"माका म्हायत नाय," बाबा म्हणाले. सरळ, न लाजता.

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, बांगडा काय खातो? खाली दुसरं काही लिहिलं नाही, आणि शाळा सुटेपर्यंत ते पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन ओसरीवर आले तर बाबा उकिडवे बसलेले. पुढे केळीच्या पानावर चार बांगडे, पोटं चिरलेले. त्यांनी एका बांगड्याचं इवलंसं जठर सुरीच्या टोकाने उघडलं, आतलं करवंटीतल्या पाण्यात झटकलं आणि करवंटी उन्हात धरली.

"हय ये, बघ," ते म्हणाले. "इतकी वर्सा बांगडे कापून खाल्लंव, पण पोटात काय ता कोणी बघूक नाय."

मी वाकले. पाण्यात तपकिरी हिरवट गढूळसं काहीतरी तरंगत होतं. नीट बघितलं तर त्यात धान्याच्या कोंड्यापेक्षाही बारीक कण होते, आणि काहींना पाय असावेत असं वाटत होतं. बाबांचं डोकं माझ्या डोक्याला लागलं होतं. आम्ही दोघं श्वास रोखून त्या करवंटीत बघत होतो.

"वही हाड," ते म्हणाले. "लिवन ठेव."

"काय लिवू?"

"मासो नाय. शेवाळ नाय. बारीक कोंड्यासारखा कायतरी, पाय असलेला." त्यांनी करवंटी पुन्हा उन्हात फिरवली. "आणि 'अजून कळूक नाय', ह्या सुदा लिव."

मी लिहिलं. लिहून होईपर्यंत बाबा तिथेच बसून होते. मग त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, हात धुतले आणि होडीकडे गेले.